कापड, मेणखडू आणि सुई : एकास एक मापाचं चित्र

फर्स्ट इयरला ड्रॉईंगच्या शीटवर उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक आपण सगळ्यांनीच काढला आहे. नाव, रोल नंबर, शीटचं नाव आणि त्याखाली स्केल. बहुतेक वेळा तिथे १:१ लिहायचं आणि सबमिशनच्या रांगेत उभं राहायचं! पण या १:१ चा अर्थ काय? वस्तू जेवढी आहे तेवढंच चित्र. मग असा विचार करून पाहा, की ड्राफ्टर नाही, सेट-स्क्वेअर नाही, वस्तूच्या अंगावर कापड टाकलं आणि वस्तूनेच आपलं चित्र आपण काढून दिलं तर?

हे काही नवीन नाही. लहानपणी वहीच्या पानाखाली नाणं ठेवून वरून पेन्सिल घासण्याचा उद्योग कुणी केला नसेल असं वाटत नाही. पेन्सिल फिरते तसा हळूहळू आकडा उमटतो, मग कडा, मग नाण्यावरची नक्षी. अशा घासून घेतलेल्या ठशाला रबिंग म्हणतात. या लेखात आपण हाच खेळ जरा गंभीरपणे खेळणार आहोत. कागदाऐवजी कापड, पेन्सिलीऐवजी मेणखडू, त्यावर पातळ रंगाचा हात आणि शेवटी गोधडीला घालतात तसे हाताने टाके. यातून साधारण दीड फुटाचा, भिंतीवर लावता येईल असा एक पट तयार होतो. साहित्य चार-दोनशे रुपयांत येतं आणि वेळ लागतो एक रविवार, अधिक दोन संध्याकाळी.

"सुई-दोरा? हे मुलींचं काम!" असं म्हणणारे काही मित्र लगेच पान उलटतील. त्यांना एवढंच सांगतो, की आपल्याकडे शिवणकाम हा पिढ्यान् पिढ्या पुरुषांनीही केलेला व्यवसाय आहे आणि संत नामदेव शिंप्याच्या घरातले होते. आणि १९६९ साली नील आर्मस्ट्राँग ज्या पोशाखात चंद्रावर उतरला तो पोशाख इंटरनॅशनल लेटेक्स कॉर्पोरेशन नावाच्या, बायकांचे अंतर्वस्त्र बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीतल्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनी शिवला होता. एक टाका चुकला असता तर काय झालं असतं, हे सांगायला थर्मोडायनॅमिक्सचा पेपर द्यायला नको. तेव्हा सुई हेसुद्धा टूलच आहे. पान उलटू नका!

थोडा इतिहास

दगडावर कोरलेली अक्षरं कागदावर उतरवून घेण्याची कला चीनमध्ये फार जुनी. तांग राजवटीतले, म्हणजे इसवी सनाच्या सातव्या शतकातले काही ठसे आजही शिल्लक आहेत. आपल्याकडे शिलालेखांचे अभ्यासक हेच करतात. शिळा स्वच्छ करायची, ओला कागद तिच्यावर पसरायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वरून शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवायचा. उंच भाग काळा होतो, खोलगट अक्षरं पांढरी राहतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म्हैसूरच्या पुराभिलेख शाखेत असे हजारो ठसे जपून ठेवले आहेत. मूळ दगड ऊन-पावसाने झिजतो, फुटतो, कधी कुणाच्या घराच्या पायात जातो. पण ठसा राहतो, आणि तोही मूळ मापाचा. त्यावरून अक्षराची उंची आजही पट्टीने मोजता येते.

इंग्लंडमध्ये जुन्या चर्चमधल्या थडग्यांवर पितळी पत्रे बसवलेले असतात. त्यांचे ठसे घेण्याचा छंद तिथे एकोणिसाव्या शतकात फोफावला. त्यासाठी वापरायचे काय, तर चांभार बुटाच्या टाचेला काळी चकाकी आणायला जो मेण आणि काजळीचा गोळा वापरत, तोच!

ही नोंदीची पद्धत चित्रकलेत आणली माक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकाराने. १० ऑगस्ट १९२५ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका खाणावळवजा हॉटेलात तो थांबला होता. जमिनीच्या लाकडी फळ्या घासून घासून इतक्या झिजल्या होत्या, की त्यांच्या रेषा वर आल्या होत्या. त्याने त्यावर कागद टाकले, शिसपेन्सिलीने घासले आणि उमटलेल्या रेषांत त्याला जंगलं, पक्षी, समुद्र दिसू लागले. ही चित्रं १९२६ साली 'इस्त्वार नातुरेल' या नावाने प्रसिद्ध झाली. घासणे याला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्यावरून या पद्धतीला फ्रोताज असं नाव पडलं.

म्हणजे रबिंगचे दोन उपयोग झाले. एक, जे आहे ते जसंच्या तसं नोंदवणं. दोन, त्या नोंदीतून स्वतःचं चित्र घडवणं. आपल्या पटात दोन्ही येणार आहेत. रबिंग ही नोंद, रंग हा आपला निर्णय आणि टाका ही जोड. एवढं सूत्र लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

कापडच का?

कागदावरचा ठसा छानच येतो, पण कागदाला घडी पडते, तो फाटतो. कापड खाचेत बसतं, गोल वस्तूभोवती गुंडाळता येतं आणि मुख्य म्हणजे त्याला शिवता येतं.

आणि कापड हे इंजिनिअरच्या दृष्टीने मजेदार मटेरियल आहे. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे धागे म्हणजे बाणा. या दोन दिशांना कापड ओढून पाहा, फारसं ताणलं जात नाही. आता तेच ४५ अंशात, म्हणजे शिंपी ज्याला उरेब म्हणतात त्या दिशेने ओढा. लगेच लांबतं आणि चौकोनाचा समभुज चौकोन होतो! कारण या दिशेला धागे ताणले जात नाहीत, ते फक्त एकमेकांवर फिरतात. दिशेप्रमाणे गुणधर्म बदलणारं मटेरियल आपण कंपोझिट्सच्या लेक्चरला शिकतो. आपल्या अंगावरचा शर्ट त्याचं उदाहरण आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

आता टाक्यांबद्दल. आपल्या घराघरांत गोधडी असते. जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे झालेले कपडे एकावर एक अंथरून त्यांच्यामधून साधा धावदोरा घातला की झाली गोधडी. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. बंगालमधली कांथा याच घराण्यातली. तिथे जुन्या साड्यांच्या काठातले रंगीत धागे ओढून काढून त्यानेच नक्षी भरत. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी शिवतात. या समाजाचे बरेचसे पूर्वज पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेले आफ्रिकन लोक. कवंदीला कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत येत तुकडे जोडत जातात आणि चार कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. या सगळ्यांत टाका एकच : सुई खाली, सुई वर. विरलेल्या, एकट्याने टिकणार नाहीत अशा कापडांना तो एकत्र धरतो. एक धागा तुटला तरी शेजारची ओळ भार घेते. आपल्या पटासाठी हाच टाका पुरेसा आहे.

साहित्य

१) वरचं कापड : पांढरं किंवा फिकट सुती पॉपलीन किंवा केम्ब्रिक, ५० × ५० सेंमी. मांजरपाट स्वस्त असला तरी त्याचे धागे जाड असतात, बारीक पोत उमटत नाही.
२) मधला थर : जुनी मऊ चादर किंवा सुती साडीची दुहेरी घडी.
३) मागचं कापड : कुठलंही सुती, ५५ × ५५ सेंमी.
४) मेणखडू : काळा, गडद निळा, विटकरी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेचे तेलखडू घरात पडले असतील तर तेही चालतील.
५) फॅब्रिक पेंट : दोन किंवा तीनच रंग. डझनभर बाटल्या आणल्या की पट गणपतीच्या मखरासारखा दिसतो!
६) रुंद चपटा ब्रश, मास्किंग टेप, टाचण्या, इस्त्री, कोरे कागद.
७) भरतकामाचा सहापदरी दोरा, अणकुचीदार सुई आणि बोटाला अंगुस्तान.

कृती

कापड धुणे : नव्या कापडाला खळ असते. ती असताना रंग धाग्यात मुरत नाही आणि पहिल्या धुण्यात कापड आटतं. म्हणून कोमट पाण्यात साबणाने धुवा, वाळवा, इस्त्री करा.

आखणी : मधोमध ३६ × ३६ सेंमीचा चौकोन पेन्सिलीने हलकासा आखा. त्याचे १२ × १२ चे नऊ खण पाडा. चौफेर ७ सेंमी समास राहतो. प्रत्येक खणात एक पृष्ठभाग. आखणी ताण्या-बाण्याला समांतर हवी. उरेब आखलीत तर शिवताना खण तिरके होणारच.

पृष्ठभाग शोधणे : हा सगळ्यात मजेचा भाग. कॉलेजात नुसते फिरा. जिन्याची चेकर्ड प्लेट, मॅनहोलचं झाकण, लेथवर केलेलं नर्लिंग, खिडकीची जाळी, कानस, गिअर, फाउंड्रीतली लाकडी पॅटर्न, विटांची भिंत, गोणपाट, पिंपळाच्या पानाची मागची बाजू. डोळ्यांवर फार विश्वास ठेवू नका, तळहात फिरवून पाहा. जे हाताला लागतं ते ठशात येतं. नुसता रंगातला फरक ठशात येत नाही.

इथे एक मर्यादा आहे. दोन धाग्यांमधल्या अंतरापेक्षा बारीक खाच कापडावर दिसणार नाही. व्हर्नियरला जशी लीस्ट काउंट असते तशी ही कापडाची लीस्ट काउंट समजा. तसंच खाच अरुंद आणि खोल असेल तर तिची खोली कळत नाही, फक्त रुंदी कळते. ठसा हा उंच भागांचा नकाशा असतो.

रबिंग : पृष्ठभाग कोरड्या फडक्याने पुसा. कापड ताणून टेपने चारही बाजूंनी चिकटवा. खडूचा कागद सोलून तो आडवा धरा, टोकाने घासू नका. एकाच दिशेने, हलक्या हाताने, तीन-चार वेळा. पहिल्याच फेरीत जोर लावला तर खडू खाचेतही शिरतो आणि सगळा खण काळा होतो. मधेच कापड सरकलं तर दुहेरी ठसा येतो. तो फेकून देऊ नका, पण मापाच्या नोंदीसाठी तो निकामी झाला हे लक्षात ठेवा. प्रत्येक खणाची जागा आणि तारीख वहीत टिपून ठेवा.

रंग : फॅब्रिक पेंटमध्ये साधारण तेवढंच पाणी मिसळा आणि चपट्या ब्रशने खणावरून एकदाच फिरवा. मेण आणि पाणी यांचं जमत नाही. जिथे मेण लागलं आहे तिथून रंग बाजूला सरतो आणि मोकळ्या कापडात मुरतो. क्षणात ठसा उठून दिसतो. पहिल्यांदा हे पाहताना खरंच मजा येते! कुठले खण रंगवायचे आणि कुठले पांढरे ठेवायचे, हा तुमचा निर्णय. नऊपैकी चार-पाच रंगवले तर बाकीच्यांना श्वास घ्यायला जागा मिळते.

पाणी फार घालू नका. या रंगात रंगद्रव्याचे कण असतात आणि त्यांना धरून ठेवणारं ॲक्रिलिक असतं. पाणी उडालं की ॲक्रिलिकचे सूक्ष्म थेंब जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि धाग्याभोवती पातळ पापुद्रा तयार होतो. पाणी अती झालं तर पापुद्रा अपुरा पडतो आणि रंग धुऊन जातो. उलट, रंग घट्ट थापला तर पापुद्रा इतका जाड होतो की सुई शिरत नाही.

इस्त्री : पट एक दिवस वाळू द्या. मग खाली-वर कोरे कागद ठेवून उलट्या बाजूने गरम इस्त्री दाबा. मेण वितळतं, जास्तीचं कागदात शोषलं जातं आणि रंगद्रव्य धाग्यात राहतं. ॲक्रिलिकही पक्कं बसतं. कागद दोन-तीनदा बदला. कापडात पॉलिस्टर असेल तर इस्त्री कमी ठेवा, नाहीतर पट आकसेल. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : मेणाचा ठसा कितीही पक्का केला तरी वारंवार धुण्यासाठी तो नाही. हा पट भिंतीसाठी आहे, पांघरण्यासाठी नाही.

थर लावणे : खाली मागचं कापड, मधे चादर, वर पट. हाताने सपाट करत मध्यापासून कडेकडे टाचण्या लावा आणि मग लांब लांब कच्चा दोरा घाला. मध्यापासूनच का? सिलिंडर हेडचे बोल्ट आपण मधून सुरू करून बाहेर का आवळतो, आठवा. कडेपासून सुरुवात केली तर मधे अडकलेला फुगवटा बाहेर जायला जागाच राहत नाही. कवंदीवाल्या बायकांना कडेपासून आत येणं जमतं, कारण त्या वरचे तुकडे शिवता शिवताच लावत जातात. आपला वरचा थर मात्र आधीच अखंड आहे.

टाके : सहा पदरांतले दोनच पदर घ्या. टाका ५ मिमी, मधली जागा ५ मिमी, ओळींमधलं अंतर १ सेंमी. एक छोटं गणित करू. ३६ ओळी, प्रत्येक ओळ ३६ सेंमी, दर सेंमीला एक टाका. म्हणजे ३६ × ३६ = १२९६ टाके. मिनिटाला दहा टाके धरले तर सव्वादोन तास, पण त्यात सुई ओवणं, गाठी आणि चहा धरलेला नाही! दोरा एका वेळी अर्धा मीटरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. गाठींचं सोडून त्यातला ४० सेंमी कामी येतो असं धरलं तर ३२-३३ वेळा सुई ओवावी लागेल आणि दोरा लागेल १६ ते १८ मीटर. बाजारात मिळणारी लडी साधारण ८ मीटरची, सहापदरी. दोन-दोन पदर वेगळे केले की २४ मीटर. म्हणजे एक लडी पुरते.

टाक्याची दिशा पोत पाहून ठरवा. जाळीवरून तिरकी ओळ, लाकडाच्या रेषांबरोबर वाहती ओळ, गिअरभोवती गोल ओळ. पण टाके फार जवळ जवळ घालू नका. रिव्हेटचा पिच फार कमी ठेवला की प्लेट भोकांच्या रेषेत फाटते, हे मशीन डिझाईनमध्ये शिकलो आहोत. कापडाचंही तेच. पोस्टाचं तिकीट फाडायला सोपं का असतं? भोकांमुळेच! आणि दोरा ओढताना जोर लावू नका. घट्ट ओढला की चुण्या पडतात, सैल सोडला की थर सरकतात. टेन्शन किती हे तुमच्या बोटांना विसाव्या टाक्यापर्यंत कळून जातं.

शेवट : कच्चा दोरा काढा, मागचं कापड पुढे दुमडून कडेने हातशिलाई करा. मागे वरच्या बाजूला कापडी पट्टी शिवून त्यात लाकडी काठी सरकवा. झाला पट!

जुन्या शेडचे नऊ खण

आता हे सगळं करून मिळतं काय, ते सांगतो. आमच्या वर्कशॉपच्या जुन्या शेडमधली पट्ट्यावर चालणारी लेथ आणि सोबतची काही यंत्रं लवकरच भंगारात जाणार आहेत. जागा नव्या सीएनसी लॅबला हवी आहे. यात चूक काहीच नाही, नवी यंत्रं यायलाच हवीत. पण चाळीसएक वर्षं ज्या शेडमध्ये प्रत्येक बॅचने फिटिंगचा जॉब घासला, तिची आठवण म्हणून मोबाईलमधल्या चार फोटोंशिवाय काही राहणार नव्हतं. म्हणून आम्ही चौघांनी सरांची परवानगी काढली आणि नऊ खण ठरवले : लेथची ओतीव लोखंडी पाटी, गिअर, लेथसमोरची चेकर्ड प्लेट, व्हाइसचा जबडा, लाकडी पॅटर्न, कानस, खिडकीची जाळी, टूल-क्रिबच्या दाराची फळी आणि शेवटच्या खणात फर्स्ट इयरच्या एका मुलाचा ताजा फिटिंगचा जॉब.

आठ खण अपेक्षेप्रमाणे आले. चेकर्ड प्लेटचा खण मात्र अर्धाच उमटला. उजवीकडे ठसठशीत नक्षी आणि डावीकडे काहीच नाही, कोरं कापड. आम्हाला वाटलं खडू नीट लागला नाही. पुन्हा घासला, तेच. मग वर्कशॉपचे मामा आले. त्यांनी वाकून प्लेटवर हात फिरवला आणि म्हणाले, "अरे पोरांनो, खडूचा दोष नाही. तिथं उभं राहून आम्ही सगळी कामं केली. प्लेट झिजली. आम्हीबी झिजलो!"

तेव्हा नीट पाहिलं. लेथ चालवणारा माणूस जिथे उभा राहतो नेमकी तिथलीच नक्षी गुळगुळीत झाली होती. दोन पावलांएवढी जागा. आमच्या फोटोत ती दिसलीच नव्हती, कारण फोटोत सगळीच प्लेट तेलकट आणि चकचकीत होती. चार सेमिस्टर आम्ही त्याच प्लेटवर उभं राहून टर्निंग केलं होतं, पण पायाखाली काय आहे हे कधी पाहिलं नव्हतं. झीज हा विषय आम्हाला पाठ होता, त्याची समीकरणंही येत होती. ती झीज एकास एक मापात कापडावर आली तेव्हा कळलं, की वेअर म्हणजे कुणाचं तरी उभं राहणं असतं.

तो खण आम्ही रंगवला नाही. नक्षी उमटलेल्या अर्ध्या भागात नेहमीच्या ओळी घातल्या आणि कोऱ्या अर्ध्या भागात, पावलांच्या जागी, विटकरी दोऱ्याने ओळींमधलं अंतर निम्मं करून टाके घातले. पट पाहायला येणारा प्रत्येक जण पहिलं बोट त्याच खणावर ठेवतो आणि विचारतो, "हे काय आहे?" मग मामा सांगतात. पाटीवरचं सन, कुठल्या बॅचने कुठला गिअर मोडला, फाउंड्रीत पहिलं ओतकाम कधी झालं, सगळं निघतं. फोटो पाहून हे कुणी विचारलं नव्हतं.

काही पथ्यं

उत्साहाच्या भरात काही गोष्टी विसरू नयेत. फिरत्या यंत्राजवळ कापड घेऊन कधीही जायचं नाही. लेथचा चक कापडाचं टोक पकडतो तेव्हा हात काढायला वेळ मिळत नाही. ठसा घ्यायचा तर यंत्र बंद, मेन स्विच बंद आणि वर्कशॉपचा जबाबदार माणूस शेजारी उभा हवा. विजेच्या पॅनेलच्या पाट्यांच्या वाटेला जाऊ नका. पत्र्याच्या कडांना धार असते, आधी कानस मारा.

दुसरं पथ्य अधिक महत्त्वाचं. लेणी, मंदिरं, किल्ले, जुने शिलालेख यांवर हा प्रयोग करायचा नाही. कापडातून झिरपलेलं मेण दगडात मुरलं तर निघत नाही आणि ठिसूळ झालेला कोरीव भाग घासण्यानेच झडतो. तिथे ठसा घेणं हे परवानगी असलेल्या प्रशिक्षित माणसांचं काम. आपल्यासाठी रोजच्या वापरातल्या, मजबूत आणि ज्यांच्याकडे कुणी पाहत नाही अशा वस्तू भरपूर आहेत. जुन्या वाड्याच्या दाराचा ठसा हवा असेल तर आधी मालकाला विचारा. बहुधा ते चहाही देतात!

आणि तिसरं, घरातलं जुनं लुगडं मधल्या थरासाठी उचलण्याआधी आजीला विचारा. एखादं लुगडं तिने मुद्दाम जपलेलं असतं. विचारलंत तर ती कदाचित स्वतःच दुसरं काढून देईल आणि धावदोरा कसा घालायचा हेही दाखवेल. आमच्यातल्या एकाच्या आजीने अर्ध्या तासात जे शिकवलं, ते आम्हाला कुठल्याच व्हिडिओवरून आलं नसतं.

सुरुवात कुठून करायची?

पूर्ण पट एकदम करायला घेऊ नका. आधी १२ सेंमीचा एकच खण करा. एक पृष्ठभाग, एक खडू, एक रंग आणि बारा ओळी, म्हणजे १४४ टाके. एका संध्याकाळी होतो. तो जमला की नऊ खणांची आखणी करा. चार मित्र मिळून करत असाल तर एकाने ठसे, एकाने रंग अशी वाटणी करू नका. प्रत्येकाने सगळं करा. चार हातांचे टाके वेगवेगळे दिसतात, ते तसेच राहू द्या.

आज मोबाईलवर हवा तो पोत, हवं ते चित्र सेकंदात मिळतं. त्याला आमचा विरोध नाही, प्रोजेक्ट रिपोर्टचं मुखपृष्ठ आम्हीही तसंच करतो. पण त्या चित्राला मोजमाप नसतं. ते कुठल्या प्लेटचं, कुठल्या शेडचं, कुणाच्या पायाखालचं, हे त्याला सांगता येत नाही. खडूने घेतलेला ठसा हे सांगतो, कारण त्या जागी गेल्याशिवाय आणि गुडघ्यावर बसल्याशिवाय तो मिळतच नाही.

आपल्यापैकी बरेच जण चार वर्षांनी हे कॉलेज सोडून जातील. जाण्याआधी प्रत्येक डिपार्टमेंटने आपापल्या लॅबचा एक खण करून ठेवला तर? इलेक्ट्रिकलवाल्यांनी जुन्या मोटारीच्या फिन्स, सिव्हिलवाल्यांनी काँक्रीटचा क्यूब आणि खडीची चाळणी, कॉम्प्युटरवाल्यांनी कीबोर्ड. जुनी शेड रिकामी व्हायला अजून काही महिने आहेत. पुढच्या अंकापर्यंत दुसरा पट पूर्ण करायचा विचार आहे. कापड आणि खडू आम्ही आणून ठेवले आहेत. सुई तेवढी आपापली आणा!